रबराचा प्राणी खरा का वाटतो आणि संगणकातला कुठे फसतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या चित्रपटांतले रबराचे आणि यंत्राचे प्राणी आजच्या संगणकीय प्राण्यांपेक्षा जास्त खरे वाटतात, ते खरोखर सरस असतात म्हणून, की आपल्याला जुन्याची ओढ असते म्हणून? शिवाय तुम्ही जो लघुपट करणार आहात त्यातला प्राणी कोणत्या मार्गाने करावा, हेही तुम्हाला हवे आहे. त्या प्राण्याची दोनच दृश्ये आहेत असे तुम्ही लिहिले आहे. एकात तो अंधारात मुलीच्या खांद्यावर मागून हात ठेवतो आणि दुसऱ्यात छताच्या तुळयांवरून धावत जातो. मी या कामात बावीस वर्षे आहे. त्यांतली पहिली नऊ वर्षे साचे काढण्यात, सिलिकॉन ओतण्यात आणि यांत्रिक डोळे-जबडे हलवण्यात गेली, आणि पुढची चित्रीकरणाच्या जागी व्हीएफएक्सची, म्हणजे संगणकावर घडवल्या जाणाऱ्या दृश्यांची, बाजू सांभाळण्यात. दोन्हीकडची माणसे मला जवळची आहेत आणि दोघांच्याही कामाबद्दल मला सारखीच आस्था आहे, हे आधी सांगून ठेवतो.

उत्तराकडे वळण्यापूर्वी दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात, कारण आवडणे आणि खरे वाटणे यांची आपण नेहमी सरमिसळ करतो. १९३३ च्या 'किंग काँग'मधला वानर ही बहुतेक दृश्यांत जेमतेम दीड फूट उंचीची बाहुली होती आणि ती चौकटीगणिक, म्हणजे फिल्मवरच्या एकेका चित्रासाठी, किंचित हलवून चित्रित केलेली होती. प्रत्येक वेळी हलवताना कलाकाराच्या बोटांनी तिची लव दबायची, त्यामुळे पडद्यावर ती लव सतत सळसळत असलेली दिसते. आज त्या वानराला कोणी खरा प्राणी समजणार नाही. तरीही त्याच्याकडे पाहताना कोणाच्या तरी हातांचा वावर जाणवतो आणि त्या जाणिवेने आपण सुखावतो. हे कारागिरीचे आकर्षण आहे, आणि मी ते कमी लेखत नाही. मात्र तुमच्या प्रेक्षकाने दचकावे, श्वास रोखून धरावा असे तुम्हाला वाटत असेल, तर तुम्हाला त्याचा विश्वास हवा आहे, आणि विश्वास कसा बसतो याचा विचार वेगळा करावा लागतो.

जुन्याची ओढ असते हेही मान्य करतो. जुन्या काळातले जे आपण आज पुन्हा पुन्हा पाहतो ते चाळणीतून खाली आलेले उत्तम काम आहे. ज्यांच्या पाठीवरची शिवण दिसत होती, ज्यांचे डोळे काचेच्या गोट्यांसारखे थिजलेले होते, ते शेकडो रबरी प्राणी कोणाच्या लक्षातही राहिले नाहीत. उलट संगणकीय कामात जे बेमालूम जमते ते संगणकीय आहे हेच आपल्याला कळत नाही, म्हणून त्याची गणतीच होत नाही आणि फसलेले तेवढे डोळ्यांत खुपते. तुलना अशी मुळातच असमान पायावर होते. एवढे बाजूला काढूनही काहीतरी शिल्लक उरते, आणि माझ्या अनुभवात ते शिल्लक उरलेलेच महत्त्वाचे आहे.

विश्वास रबरामुळे बसत नाही. चित्रीकरणाच्या क्षणी कॅमेऱ्यासमोर काहीतरी होते, आणि प्रकाश, नट, कॅमेरामन, दिग्दर्शक या सगळ्यांना त्या एकाच वस्तूला उत्तर द्यावे लागले, म्हणून तो बसतो. ती वस्तू नंतर पडद्यावर राहिली की पुसली गेली, याला त्या मानाने कमी महत्त्व आहे. संगणकीय प्राणी फसतो तेव्हा बहुतेक वेळा संगणक कमी पडलेला नसतो. चित्रीकरणाच्या वेळी तिथे काहीच नव्हते आणि प्रत्येकाने आपापल्या मनातल्या वेगळ्याच प्राण्याला उत्तर दिले, म्हणून तो फसलेला असतो.

प्रकाशापासून सुरुवात करतो, कारण नजर सर्वात आधी तिथेच अडखळते. खरी वस्तू खोलीत ठेवली की तिच्यावर खिडकीचा उजेड पडतो, जमिनीवरून उसळलेला तांबूस रंग तिच्या पोटाखाली चढतो, शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या निळ्या सदऱ्याची छटा तिच्या ओल्या अंगावर उमटते, आणि यासाठी कोणाला काहीही ठरवावे लागत नाही. संगणकात यातली प्रत्येक गोष्ट कोणीतरी मोजून, आठवून, समजून पुन्हा घडवायची असते. म्हणूनच व्हीएफएक्सची माणसे प्रत्येक शॉटनंतर एक चकचकीत धातूचा गोळा आणि एक करडा गोळा प्राण्याच्या जागी धरून त्याचे चित्रण करतात. चकचकीत गोळ्यात दिवा कुठे आहे, खिडकी केवढी आहे हे दिसते, आणि करड्या गोळ्यावर उजेड किती मऊ आहे, सावलीची कड कुठे वळते हे दिसते. या कामाला वीस-पंचवीस सेकंद लागतात. तरीही दिवस मावळायला आलेला असतो, पुढच्या शॉटची घाई झालेली असते, आणि 'ते राहू द्या, पोस्टमध्ये (चित्रीकरणानंतरच्या कामात) बघू' असे कोणीतरी म्हणते. मी एका कामात हे ऐकले आणि गप्प बसलो. पुढे सहा आठवडे दोन कलाकार त्या शॉटमधला उजेड अंदाजाने जुळवत बसले आणि तरीही प्राणी कागदाच्या चित्रासारखा वरून चिकटवलेला दिसत राहिला. तेव्हापासून गोळे धरल्याशिवाय मी कॅमेरा हलू देत नाही.

दुसरी गोष्ट स्पर्शाची. मला आजही एक शॉट आठवतो. आम्ही एका मोठ्या प्राण्याचे फक्त नाक आणि वरचा ओठ सिलिकॉनमध्ये केला होता, बाकीचा प्राणी संगणकात होणार होता. आठ-नऊ वर्षांच्या नटाने तळहात त्या नाकावर ठेवायचा होता. त्याने ठेवला, तेव्हा सिलिकॉन किंचित दबले, नाकपुडीच्या कडेला तीन सुरकुत्या उमटल्या, आणि त्याने हात मागे घेताना आम्ही लावलेल्या चिकट द्रवाची एक तार बोटाला लागून लांबली आणि तुटली. मुलाने नकळत बोटे एकमेकांवर घासली. हे कोणी लिहिले नव्हते, कोणी त्याला शिकवले नव्हते. पुढे नाकाचा मागचा सगळा भाग, डोळे, मान आणि धड संगणकात तयार झाले, पण त्या कलाकारांनी त्वचेचा पोत, ओल, दबण्याचा वेग हे सगळे या शॉटवरून उचलले. पूर्ण चित्रपटात त्या प्राण्याबद्दल कोणाला शंका आली नाही, आणि माझी खात्री आहे की याचे श्रेय त्या तुटलेल्या तारेला आहे.

नटाच्या नजरेचेही तसेच. काठीच्या टोकाला टेनिसचा चेंडू लावून 'हा प्राण्याचा डोळा' असे सांगितले तर चांगला नट उत्तम अभिनय करतो, पण त्याची नजर एका बिंदूवर खिळते. खऱ्या चेहऱ्याकडे पाहताना माणूस डोळ्याकडून तोंडाकडे, तोंडाकडून हाताकडे नजर फिरवतो, जवळ आलेल्या वस्तूपासून मान जराशी मागे नेतो. म्हणून प्राणी शेवटी संगणकीयच होणार असला तरी त्याच्या आकाराचे डोके, निदान थर्माकोलचे का होईना, कोणीतरी हातात धरून हलवावे असा माझा आग्रह असतो. २००६ मधल्या 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन: डेड मॅन्स चेस्ट'मध्ये डेव्ही जोन्सचा शुंडांची दाढी असलेला चेहरा संपूर्ण संगणकीय होता, डोळ्यांसकट. तरीही डोळ्यांभोवतीची कातडी खऱ्या रंगभूषेची आहे असे कित्येकांना वाटले. याचे मोठे कारण असे की बिल नाय हा नट खुणा लावलेला करडा पोशाख घालून प्रत्यक्ष सेटवर, इतर नटांच्या समोर, त्याच उजेडात उभा होता. रबर नव्हते, पण समोर कोणीतरी होते.

कॅमेऱ्याबद्दल थोडे. खऱ्या कॅमेऱ्याला वजन असते आणि तो चालवणाऱ्याला पुढे काय होणार हे पूर्ण ठाऊक नसते. प्राणी अचानक वळला की कॅमेरा किंचित उशिरा वळतो, एखादा कान चौकटीबाहेर कापला जातो. संगणकातल्या कॅमेऱ्याला कशाचाच अडथळा नसल्यामुळे तो प्राण्याच्या आधीच जागेवर पोचतो, दातांमधून आत शिरून शेपटीकडून बाहेर निघतो. प्रेक्षकाला यातले तंत्र कळत नसले तरी तिथे कोणी माणूस उभा राहूच शकला नसता, हे त्याला आतून कळते आणि तिथेच त्याची भीती ओसरते.

आता अडचणींचा विचार. तुमच्यासमोर नेहमी 'जुरासिक पार्क'चे उदाहरण ठेवले जाईल, आणि ते योग्यच आहे, पण ते नीट वाचायला हवे. १९९३ च्या या दोन तासांहून मोठ्या चित्रपटात डायनोसॉर पडद्यावर सुमारे १५ मिनिटेच आहेत आणि त्यांतली संगणकीय मिनिटे ६ च्या आसपास. पावसातल्या प्रसिद्ध प्रसंगात गाडीला भिडलेले डोके स्टॅन विन्स्टन यांच्या कार्यशाळेने बनवलेल्या पूर्णाकृती यंत्राचे आहे, आणि पूर्ण देहाने चालणारा प्राणी संगणकाचा. ते यंत्र पावसात उभे राहण्यासाठी बनवलेले नव्हते. त्याची फोम लेटेक्सची, म्हणजे फुगवलेल्या सच्छिद्र रबराची, कातडी स्पंजासारखी पाणी प्यायची, वजन वाढले की सगळा सांगाडा थरथरायचा, आणि दोन टेकच्या मधल्या वेळात माणसे टॉवेल घेऊन त्याला पुसत बसायची. त्याच प्रसंगाच्या सुरुवातीला पेल्यातल्या पाण्यावर जी वर्तुळे उठतात, ती गाडीच्या डॅशबोर्डखाली ताणलेली गिटारची तार छेडून उठवलेली होती. म्हणजे एकाच प्रसंगात तार आहे, यंत्र आहे आणि संगणकही आहे, आणि प्रत्येकाला त्याला झेपेल तेवढेच काम दिलेले आहे. दोन वर्षे आधीच्या 'टर्मिनेटर २'मध्येही तसेच होते. वितळून वाहणारा धातूचा माणूस संगणकाचा होता, पण गोळी लागताच छातीवर उमलणाऱ्या धातूच्या जखमा कपड्यांखाली बसवलेल्या आणि झटक्यात उघडणाऱ्या खऱ्या वस्तू होत्या.

खऱ्या वस्तूची मर्यादा सर्वात स्पष्ट दिसते ती मिनिएचरमध्ये, म्हणजे लहान आकारात केलेल्या प्रतिकृतीत, आणि तुम्ही छत कोसळण्याचाही विचार करत असाल म्हणून हे जरा विस्ताराने लिहितो. २० मीटर उंचीवरून सुटलेला दगड जमिनीवर यायला सुमारे २ सेकंद लागतात. तीच इमारत १/२५ आकारात केली तर उंची ८० सेंटीमीटर होते आणि खडा सुमारे ०.४ सेकंदात खाली येतो. म्हणजे सगळे पाचपट वेगाने घडते आणि ते खेळणे आहे हे लगेच कळते. म्हणून सेकंदाला २४ ऐवजी १२० चौकटींनी चित्रण करायचे आणि नेहमीच्या वेगाने दाखवायचे, की वजन परत येते. नियम असा की आकार जितका लहान, त्याच्या वर्गमुळाच्या पटीत चौकटी वाढवायच्या; १/१६ आकाराला चौपट, १/४ आकाराला दुप्पट. हे विटा-मातीला छान लागू पडते, पण पाण्यापाशी अडते. पाण्याच्या थेंबाचा आकार पाणी स्वतः ठरवते, तुमचे मिनिएचर नव्हे. १/२५ आकाराच्या बोटीवर उडालेला ४ मिलिमीटरचा थेंब पडद्यावर १० सेंटीमीटरचा दिसतो, आणि एवढा थेंब समुद्रात कोणी पाहिलेला नसतो. ज्वाळांचेही तसेच, लहान ज्वाळा मोठ्या आगीसारखी विस्कटत नाही. अशा ठिकाणी एक तर मिनिएचर खूप मोठे करावे लागते, नाहीतर पाणी आणि आग संगणकाला द्यावी लागते. मी तरी अलीकडे पाणी संगणकाला देतो.

काही ठिकाणी तर निवडीचा प्रश्नच येऊ नये. १९८२ मध्ये 'ट्वायलाइट झोन: द मूव्ही'च्या चित्रीकरणात स्फोटांमुळे हेलिकॉप्टर कोसळून नट विक मॉरो आणि दोन लहान मुले मृत्युमुखी पडली. खऱ्या स्फोटांबद्दल हळहळत बोलणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे असे मला वाटते. माणूस, मूल किंवा जनावर यांना इजा होण्याची शक्यता असेल तिथे संगणक वापरावा, आणि तो थोडा खोटा दिसला तरी चालेल.

याच संदर्भात, अमुक चित्रपटात सगळे खरे आहे अशा जाहिरातींवर फार विसंबू नका. २०१५ च्या 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड'मधल्या गाड्या, उड्या आणि खांबांवर झुलणारी माणसे खरी होती, आणि तरीही त्यात सुमारे २००० शॉटवर व्हीएफएक्सचे काम झालेले आहे. दोऱ्या पुसणे, आकाश बदलणे, वादळ उभे करणे, वेगवेगळे टेक एकत्र करणे हे त्याच कामाचे भाग. त्या चित्रपटाचे कौतुक करताना हे काम करणाऱ्यांचे नाव गाळले जाते याचे मला वाईट वाटते, कारण गाड्या खऱ्या वाटतात त्यात त्यांचाही वाटा आहे.

एक कारण मात्र तंत्राच्या बाहेरचे आहे आणि मला ते सर्वात वजनदार वाटते. साचा एकदा ओतला की प्राण्याचे नाक बदलता येत नाही. त्यामुळे चित्रीकरणाच्या तीन-चार महिने आधी दिग्दर्शकाला बसून ठरवावे लागते: प्राणी कसा दिसतो, कुठून येतो, किती दिसतो. संगणकाने ही सक्ती काढून टाकली. निर्णय पुढे ढकलता येतो म्हणून ढकलला जातो, आणि प्रदर्शनाच्या तीन आठवडे आधी शिंगे बदलली जातात. फसलेल्या संगणकीय प्राण्यामागे मी बहुतेकदा हेच पाहिले आहे, रात्रभर जागणारे उत्तम कलाकार आणि शेवटपर्यंत न ठरलेला प्राणी. १९७५ च्या 'जॉज'मधला यांत्रिक मासा खाऱ्या पाण्यात सतत बिघडायचा, म्हणून पहिल्या तासाभरात तो जवळजवळ दाखवताच आला नाही. त्या अडचणीतून जे सुचले त्यानेच तो चित्रपट भयंकर झाला. संगणकीय प्राणी बिघडत नाही, म्हणून तो किती दाखवायचा याची मर्यादा तुम्हालाच घालून घ्यावी लागते.

आता तुमचा लघुपट. तुमच्याकडे किती दिवस आहेत, मदतीला कोण आहे आणि प्राण्याच्या अंगावर केस आहेत की कातडी, यावर बरेच अवलंबून आहे. केसाळ प्राणी दोन्ही मार्गांनी अवघड असतो. तरी तुम्ही लिहिले आहे त्यावरून माझा सल्ला असा राहील.

खांद्यावरचा हात खराच करा. पूर्ण प्राणी करू नका, कोपरापर्यंतचा एकच हात करा. फोम लेटेक्स हलके असते, पण त्याला उजेड आत शिरू न देणारा कोरडेपणा असतो. सिलिकॉन जड असते, पण त्यातून उजेड कातडीसारखा किंचित आत झिरपतो, आणि इतक्या जवळच्या शॉटला तेच हवे. रंग सिलिकॉन ओतण्यापूर्वीच त्यात मिसळा, कारण वाळलेल्या सिलिकॉनवर सिलिकॉनचाच रंग टिकतो, दुसरा कुठलाही नाही. आतून सडपातळ हाताच्या माणसाने तो घालावा. मुलीला तालमीत तो हात दाखवा, कसा घातला जातो ते समजावून सांगा, तिचा स्वतःचा हात त्यात घालू द्या, म्हणजे ती घाबरणार नाही. पण त्याचे वजन खांद्यावर नेमक्या कोणत्या क्षणी पडणार हे कॅमेरा सुरू असताना तिला मोजून सांगू नका. सदऱ्याचे कापड बोटांखाली गोळा होईल, खांदा थोडा खाली जाईल, आणि तेवढ्यावर शॉट उभा राहील.

तुळयांवरून धावणारा प्राणी संगणकात करा, कारण त्या वेगाने हलणारे यंत्र बनवणे तुम्हाला परवडणार नाही आणि दोरीने ओढलेली बाहुली लगेच ओळखू येते. मात्र चित्रीकरणाच्या दिवशी तिथे काहीतरी असू द्या. काळे कपडे घातलेल्या माणसाला जमिनीवरून त्याच वेगाने, हातात उंच काठी घेऊन पळवा, म्हणजे मुलीची नजर आणि कॅमेरा दोन्ही खरोखर एखाद्या गोष्टीचा पाठलाग करतील. मग त्याच्याशिवाय एक टेक घ्या, रिकाम्या जागेची एक प्लेट (नुसत्या पार्श्वभूमीचे चित्रण) घ्या, आणि दोन्ही गोळे तुळईच्या उंचीवर धरून चित्रित करा. आधीच्या शॉटमधला सिलिकॉनचा हातही तिथे वर, त्याच उजेडात एकदा धरा. संगणकावर बसणाऱ्या कलाकाराला याहून चांगला नमुना मिळणार नाही.

आणि धूळ खरी पाडा. तुळयांवर चाळलेली बारीक माती पसरून ठेवा, प्रत्येक तुळईला एक दोरी बांधा, आणि पळणारा माणूस खालून जाईल त्या क्रमाने एकेक दोरी झटका देऊन ओढायला दोघांना सांगा. मातीत टाल्कम पावडर मिसळू नका. ती उजेडात फार पांढरी चमकते आणि हवेत तरंगत राहते. मुलीच्या डोळ्यांत माती जाणार नाही एवढ्या अंतरावर तिला उभी करा. दोरी ओढण्याची तालीम कॅमेऱ्याशिवाय चार-पाच वेळा करून घ्या, कारण माती पुन्हा पसरायला प्रत्येक वेळी पंधरा-वीस मिनिटे जातील आणि तुम्हाला दिवसभरात सहा-सातच टेक मिळतील.